दट्ट्या आणि वायसर

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्र जन्मास कसें आलें एवढेंच सांगतात. तें पुढें जगलें कसें, हें सांगण्याचें काम कोणी अंगावर घेत नाहीं. अमुक सालीं अमुक साहेबानें पेटंट घेतलें, अमुक सालीं यंत्र मुंबईच्या धक्क्यावर उतरलें, अमुक शेटजींनीं त्याच्या जोरावर गिरणी उभारली, येथपर्यंत लेखणी सुरळीत चालते. पुढें तें यंत्र पन्नास वर्षें चाललें, त्या मुदतींत शेंकडों वेळां बिघडलें आणि तितक्याच वेळां दुरुस्त झालें, ही हकीकत मात्र इतिहासाच्या पानांत येत नाहीं. कारण दुरुस्ती करणारा मिस्त्री कागद ठेवीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस अशाच एका दुरुस्तीविषयीं लिहावयाचें आहे. द्रवाच्या दाबानें चालणारें जें नळकांडें, ज्याला आतां खेडोपाडीं हायड्रॉलिक सिलिंडर म्हणतात, तें घरच्या घरीं, गोठ्यापुढच्या अंगणांत किंवा हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखालीं उघडून पुन्हा चालतें करण्याची विद्या सोलापूरकडे आज सर्रास दिसते. ही विद्या काय आहे आणि तिचें कूळ कोणतें, हा आमचा प्रश्न आहे.

विषय रुक्ष वाटून कोणी पान उलटूं नये. ज्या घरांत पंपाचा रॉकेल स्टोव्ह कधीं काळीं होता, त्या घरांतील माणसांस या विद्येचा श्रीगणेशा ठाऊक आहेच. पंप मारूनही हवा भरेनाशी झाली म्हणजे घरांतील कोणी तरी दट्ट्या बाहेर ओढी, त्याच्या टोंकाचा वाळून आकसलेला कातडी वायसर बोटांनीं जरा पसरी, त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडी आणि दट्ट्या परत बसवी. स्टोव्ह पुन्हा फुरफुरूं लागे. वाटीच्या आकाराचा तो वायसर हेंच आमच्या विषयाचें मर्म होय. वाटीचें तोंड ज्या बाजूनें दाब येतो त्या बाजूस असतें. दाब जितका वाढेल तितकी वाटीची कड नळकांड्याच्या भिंतीस अधिक घट्ट चिकटते. जो निसटूं पाहतो त्यालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ति आहे.

ही युक्ति सुचावयास जगाला बराच वेळ लागला. बंद भांड्यांतील द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच पंडित पास्काल यानें सांगितला. त्याचा तद्विषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. या नियमाप्रमाणें लहान दट्ट्यावर एका माणसानें जोर केला असतां मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचा जोर मिळावयास हवा. पण कागदावर मिळणारा जोर कारखान्यांत मिळेना; कारण दाब वाढला कीं पाणी दट्ट्याच्या कडेनें बाहेर पडे, आणि तें पडूं नये म्हणून भोंवतालची गुंडाळी आवळली तर दट्ट्याच हलेना. जोसेफ ब्रामा या इंग्रज कुलुपवाल्यानें १७९५ सालीं जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याच्यापुढेंही हीच अडचण होती. त्याच्या कारखान्यांत हेन्री मॉड्स्ले नांवाचा एक तरुण कारागीर होता. कातड्याची वाटी करून ती दाबानेंच फुगून बसेल अशी ठेवावी, ही तोड मॉड्स्लेनें काढली, असें त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या जेम्स नास्मिथनें सांगितलें आहे. यंत्रास नांव मात्र ब्रामाचें राहिलें. मॉड्स्लेस आठवड्याला तीस शिलिंग मिळत. त्यानें वाढ मागितली ती नाकारली गेली, म्हणून १७९७ सालीं त्यानें नोकरी सोडून स्वतःचें दुकान थाटलें. मालक आणि मिस्त्री यांच्यामधील हा व्यवहार वाचतांना आमच्या वाचकांस कांहीं ओळखीचें वाटल्यास नवल नाहीं.

आतां सोलापूरकडे वळूं. येथें आगगाडी आली ती १८६० सालीं. आगगाडीमागून कापसाचा व्यापार वाढला, आणि कापसामागून दाबयंत्र येणें क्रमप्राप्तच होतें. सुटा कापूस म्हणजे बहुतांशीं हवा. आगगाडीचें आणि आगबोटीचें भाडें जागेवर पडूं लागल्यावर ही हवा वाहून नेणें कोणास परवडेना. साडेतीन हंड्रेडवेटांची, म्हणजे ३९२ पौंडांची गाठ लोखंडी पट्ट्यांनीं आवळून बाहेर काढणारें जें मोठें यंत्र, त्याच्या पोटांत ब्रामाचेंच नळकांडें होतें. आमच्या जिल्ह्यांत या धंद्याचें खरें ठाणें बार्शी. तेव्हांच्या निजामी मुलुखांतून गाड्यांच्या गाड्या कापूस तेथें उतरे. बाजारांत ‘बार्शी-नगर’ हें कापसाच्या एका जातीचें नांवच होऊन बसलें होतें. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली व १९११ सालीं लातूरपर्यंत पोंचली. याच लातुरांत लोकमान्य टिळकांनीं भागीदारीत जिनिंगचा कारखाना काढला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गीतेवर भाष्य करणाऱ्या पुरुषास सरकीचा आणि चामडी पट्ट्यांचा हिशेब पाहावा लागला असेल, ही कल्पना आम्हांस तरी मोठी रम्य वाटते. १९२५ सालीं सरकारनें जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांकरितां स्वतंत्र कायदा केला. कोणती गाठ कोणत्या कारखान्यांत दाबली गेली हें तिच्यावरील खुणेवरून कळावें, असा त्यांतील एक नियम होता.

खुद्द शहरांत मोरारजी गोकुळदासांची गिरणी १८७७ सालीं चालूं झाली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणून प्रसिद्धीस आली. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्या निघाल्या. जुनी गिरणी १९४९ सालीं बंद पडली, तेव्हां दुसऱ्याच वर्षीं सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली आणि तो वाद नव्या सर्वोच्च न्यायालयाच्या अगदीं पहिल्या खटल्यांत गणला गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांस त्या खटल्याचें नांव आजही पाठ असतें. त्या गिरणींतील दाबयंत्राची वाटी फाटली म्हणजे ती कोण कापून बसवीत असे, हें मात्र कोणत्याही निकालपत्रांत सांपडावयाचें नाहीं.

आणि वाटी तर फाटणारच. हीच गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ओतीव लोखंडाचें नळकांडें मँचेस्टरकडून यावें, तें पिढ्यान्‌पिढ्या टिकावें. पण दाब पेलणारा जो भाग, तो नेमका नाशवंत. त्या काळच्या रीतीप्रमाणें चांगलें जाड कातडें कोमट पाण्यांत भिजवावयाचें, नरम झाल्यावर साच्यांत दाबून त्यास वाटीचा आकार द्यावयाचा, तसेंच सुकूं द्यावयाचें, मग कडा धारदार हत्यारानें तासून चरबींत मुरवावयाचें. हें काम यंत्राच्या कारखान्यांत नव्हे, यंत्र जेथें उभें असेल तेथेंच करावें लागे. कारण एका वाटीसाठीं तीन महिने आगबोटीची वाट पाहणें कापसाच्या हंगामांत कोणास शक्य होतें? कातड्यास पाणी धरावयास लावणें ही गोष्ट मात्र या मुलुखास नवी नव्हती. जिल्ह्याच्या विहिरींवर मोटा चालत. ढोर लोक बाभळीच्या सालींत आणि हिरड्यांत कातडें कमावीत, मोटा व पखाली शिवीत, आणि नाडा-सोंदुराच्या ओढीनें मोटेची सोंड फाटली कीं ठिगळ लावून देत. कातडें ओलें असतांना किती ताणतें, वाळल्यावर किती आकसतें, पाठीचें कातडें कोठें वापरावें आणि पोटाचें कोठें वापरूं नये, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. पण तें हातांत होतें. जलदाबयंत्राच्या वाटीस याहून निराळें ज्ञान लागत नाहीं. आमच्या विद्वानांनीं ज्या जातींना गांवकुसाबाहेर ठेवलें, त्यांच्या हातीं ब्रामाच्या यंत्राचें मर्म होतें, असें म्हणावयास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

पुढें पाण्याची जागा तेलानें घेतली. पाण्यानें लोखंड गंजतें आणि पाणी वंगणाचें काम करीत नाहीं. १९०६ च्या सुमारास अमेरिकन युद्धनौकेवरील तोफा फिरविण्यासाठीं तेलाच्या दाबाचा उपयोग झाला व तेथून ही पद्धति पसरली. तेल आलें आणि कातडें मागें पडूं लागलें. साधें रबर खनिज तेलांत फुगतें. तेलास न जुमानणारें कृत्रिम रबर जर्मनींत १९३० च्या सुमारास निघालें. त्याच दशकांत नील्स ख्रिस्टेन्सेन या डेन्मार्कहून अमेरिकेस गेलेल्या वृद्ध कारागिरानें, चौकोनी खोबणींत बसणारें गोल रबरी कडें शोधून काढलें व १९३९ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. आज ज्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात तें हेंच. आमच्या जिल्ह्यांत त्या दशकांत साखर कारखाने उभे राहत होते: माळीनगर, श्रीपूर, आणि सीमेपलीकडे सोलापुरांतच १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचें वालचंदनगर. ऊंस पिळणाऱ्या चरकांत वरच्या लाटेवर दोन्ही टोंकांस तेलाच्या दाबाचे दट्टे असतात. ऊंसाचा थर जाड आला तर लाट वर सरकते, पातळ आला तर खालीं येते, आणि दाब सारखा राहतो. हंगामाच्या ऐन रात्रीं त्या दट्ट्यांपैकीं एक गळूं लागला तर काय करावें, हें शिकलेली मिस्त्र्यांची एक पिढी या कारखान्यांनीं तयार केली.

परंतु नळकांडें खऱ्या अर्थानें शेतकऱ्याच्या दारांत आलें तें माती उपसणाऱ्या यंत्राबरोबर. सोलापूर हा दुष्काळाचा जिल्हा आहे. म्हणून येथें माती हलविण्याचा इतिहास मोठा आहे. एकरुख तलावाचा बांध १८७१ सालीं पुरा झाला तो माणसांच्या डोक्यावरून वाहिलेल्या मातीनें. १८७६–७८ च्या दुष्काळांत आणि पुन्हा १९७२ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील बायामाणसांनीं खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. पुढें एक मोठा पालट झाला. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवाराची योजना निघाली, तेव्हां ओढे खोल करण्याच्या कामावर हजारोंचा जमाव नव्हता. पिवळ्या रंगाचें एकच यंत्र होतें. त्याचें नांव त्याच्या जनकाच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत, आणि महाराष्ट्रांत तें आतां सामान्यनाम झालें आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यानें १९४५ सालीं इंग्लंडांतील उटॉक्झिटर गांवीं भाड्याच्या एका मोटारखोलींत, जुन्या वेल्डिंगच्या संचानें, युद्धांतील भंगारापासून एक गाडा जोडला. १९४८ सालीं त्यास तेलाच्या दाबाचा दट्ट्या लावला. १९५३ सालीं मागें सोंड असलेलें खोदयंत्र काढलें. १९७९ सालापासून तें हिंदुस्थानांत तयार होऊं लागलें. हें यंत्र मुळांत घरगुती दुरुस्तीच्या वातावरणांतच जन्मलें, हें येथें मुद्दाम सांगून ठेवतों. कारण रस्त्याकडेच्या शेडमध्यें तें उघडलेलें पाहून नाक मुरडणारे लोक आम्हांस भेटतात.

त्या शेडमध्यें काय चालतें तें आतां पाहूं. सोंडेचा दट्ट्या सुमारें दहा सेंटिमीटर व्यासाचा धरला, आणि तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरास दोनशें किलो धरला, तर एका दट्ट्यावर पंधरा टनांहून अधिक जोर येतो. एवढा जोर ज्या कड्यावर अडतो तें रबरी कडें तळहातावर मावतें. तें झिजलें कीं दोहोंपैकीं एक गोष्ट होते: एक तर दांडा जेथून बाहेर येतो तेथून तेल ठिबकतें, अथवा बाहेर थेंबही न दिसतां उचललेली सोंड आपोआप हळूहळू खालीं येते. पहिला दोष कोणासही दिसतो. दुसरा ओळखावयास डोकें लागतें, कारण तो नळकांड्याच्या आंतल्या दट्ट्याचा असूं शकतो, तसाच तरफांखालच्या झडपेचाही असूं शकतो. अनुभवी मिस्त्री दांडा पुरता बाहेर काढतो, दट्ट्यापलीकडची नळी सोडून तिचें तोंड बादलींत धरवितो आणि हळूच दाब देतो. बादलींत तेल येत राहिलें तर दोष दट्ट्याचा. न आलें तर नळकांडें उघडण्याचा खटाटोप व्यर्थ. हा तपास न करतां नवीं कडीं बसविणारे मिस्त्री आहेत, आणि त्यांच्यामुळें यंत्रमालकांचे पैसे दोनदां जातात.

नळकांडें उघडावयाचें ठरलें म्हणजे प्रथम सोंड जमिनीस टेकवून इंजिन बंद करतात व तरफा दोनचार वेळां मागेंपुढें करून अडकलेला दाब सोडून देतात. नंतर खिळ काढावयाची, नळ्यांचीं तोंडें बुचांनीं बंद करावयाचीं, पुढचें झांकण, ज्याला हे लोक ग्लँड म्हणतात, तें आट्यांवरून फिरवून सोडवावयाचें आणि दांडा सरळ ओढून काढावयाचा. दांडा बाहेर आला कीं मिस्त्री त्यावर अंगठ्याचें नख फिरवितो. क्रोमच्या मुलाम्यावरील ओरखडा नखास लागला तर नवें कडें आठ दिवसांत कापलें जाईल, हें त्यास ठाऊक असतें. मग दांडा मुलामा देणाऱ्याकडे धाडल्यावांचून गत्यंतर नसतें. दांडा वांकला आहे कीं काय हें दोन रुळांवर गरगर फिरवून पाहतात. जुनें कडें खोबणींतून काढतांना त्याची ओठासारखी कड कोणत्या दिशेस होती हें नीट पाहून ठेवावें लागतें. तोंड दाबाच्या बाजूस, हा स्टोव्हच्या वायसराचाच नियम येथें चालतो. नवें कडें ताठ असतें, म्हणून तें गरम तेलांत बुडवून लवचीक करतात व हातानें बसवितात. स्क्रूड्रायव्हरनें ढोसलेलें कडें बहुधा तेथेंच जखमी होतें. आणि स्वच्छता! सोलापूरच्या वैशाखांतील धूळ आम्ही वर्णावी असें नाहीं. चांगला मिस्त्री अंगणांत पाणी मारून घेतो, दट्ट्या सूत न सुटणाऱ्या धुतलेल्या फडक्यावर ठेवतो, आणि जोडणी होईपर्यंत पोरांस जवळ फिरकूं देत नाहीं. शस्त्रक्रियेच्या खोलीचा हा शिष्टाचार त्यास कोणी शिकविलेला नसतो. एका वाळूच्या कणानें वाया गेलेल्या कड्यांनीं तो शिकविलेला असतो.

या विद्येची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती माणसें मारते. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन पूल बांधीत होता, तेव्हां पंधराशें टनांहून अधिक वजनाची लोखंडी नळी जलदाबानें उचलण्यांत येत होती. नळी जसजशी वर जाईल तसतसा तिच्या खालीं इंचाइंचानें आधार भरीत जावा, असा त्याचा हुकूम होता. १८४९ च्या ऑगस्टांत दाबयंत्राच्या नळकांड्याचा तळच फुटून पडला. नळी कांहीं इंच खालीं येऊन आधारावर बसली आणि वांचली. आधार नसता तर पूल समुद्रांत गेला असता. आज उचललेल्या सोंडेखालीं किंवा ट्रॉलीच्या हौद्याखालीं केवळ दट्ट्याच्या भरंवशावर माणूस शिरतो, तेव्हां स्टीफन्सननें शंभर तज्ज्ञांसमक्ष जो भरंवसा ठेवला नाहीं तो हा गडी एकटा ठेवीत असतो. लांकडी ठोकळा किंवा लोखंडी घोडी लावावयास पांच मिनिटें लागतात. दुसरा धोका याहून कपटी आहे. नळीला सुईएवढें भोंक पडलें तर त्यांतून सुटणारी तेलाची धार डोळ्यांस धड दिसत नाहीं, पण कातडींतून आरपार जाते. गळती कोठें आहे हें चाचपावयास गेलेल्या बोटास टांचणी टोंचल्यासारखें वाटतें, रक्तही फारसें येत नाहीं, आणि माणूस तें बोट पुसून कामास लागतो. कांहीं तासांनीं हात सुजून काळानिळा पडतो. अशा माणसास त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे नेलें पाहिजे. नाहीं तर बोट, कधीं हातही, कापावा लागतो. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा, हात धरूं नये. अडकलेला दांडा काढण्यासाठीं हवेचा दाब देण्याची जी चाल कांहीं ठिकाणीं दिसते, तीही अशीच घातक आहे. दांडा सुटतो तो तोफेच्या गोळ्यासारखा.

एवढें असूनही घरगुती दुरुस्ती बंद पडावी असें आम्हांस वाटत नाहीं, आणि ती बंद पडणारही नाहीं. यंत्र कर्जावर घेतलेलें असतें. पावसाळ्याआधींचे दिवस मोजके असतात. कंपनीचा माणूस येईपर्यंत उभें राहिलेलें यंत्र हप्ता थांबवीत नाहीं. शिवाय सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या माळावर जें काम एका दुपारांत होतें, त्यासाठीं नळकांडें पुण्यास धाडण्यांत शहाणपण कोणतें? आमची तक्रार निराळी आहे. कातड्याच्या काळीं मिस्त्री वाटी स्वतः घडवीत असे. आज कड्यांचा तयार संच पाकिटांत येतो. त्यांत सोय आहे हें खरेंच. पण पाकिटावर नांव एक आणि आंत माल दुसरा, असा नकली संच बाजारांत पुष्कळ आहे, आणि रबराची पारख करणारें बोट ज्यानें घडविलें तें काम आतां कोणी करीत नाहीं. नड पडली म्हणजे कोणी मोटारीच्या ट्यूबचें रबर कापून बसवितो. तें तेलांत फुगतें आणि दोन दिवसांत दट्ट्या जाम होतो. मोटेच्या कातड्याचा गुणदोष जाणणाऱ्या म्हाताऱ्यानें अशी चूक केली नसती. त्यानें आधीं तो तुकडा रात्रभर तेलांत टाकून पाहिला असता.

आम्ही कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवितों तेव्हां फळ्यावर दोन नळकांड्यांची आकृति काढतों, लहान दट्ट्यावर एक बाण आणि मोठ्यावर दहा बाण दाखवितों, आणि पास्कालचा नियम सिद्ध झाला असें म्हणून हात झटकतों. दट्ट्याच्या कडेनें पाणी कां गळत नाहीं, असा प्रश्न एकही विद्यार्थी विचारीत नाहीं, कारण आकृतींत तें गळत नाहीं. सोलापुरांतील तंत्रशिक्षणाच्या संस्थांनीं व इतिहासाच्या अभ्यासकांनीं मिळून या मिस्त्र्यांच्या जबान्या उतरवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. एका शेडच्या दारावर आम्हीं यंत्रांचीं नांवें आणि त्यांपुढें कड्यांचीं मापें खडूनें लिहिलेलीं पाहिलीं. तीं दर पावसाळ्यांत पुसलीं जातात आणि दर वर्षीं पुन्हा लिहिलीं जातात. प्रारंभ मात्र तेथून करूं नये. जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्यें किंवा गिरण्यांच्या दाबखात्यांत काम केलेले जे वृद्ध गृहस्थ बार्शींत आणि सोलापुरांत अद्याप हयात असतील, त्यांच्याकडे प्रथम जावें. कातडें कोठून आणीत, किती वेळ भिजवीत, साचा लांकडी होता कीं लोखंडी, आणि एक वाटी किती गाठी काढी, एवढे चारच प्रश्न तूर्त पुरे आहेत.